लाखेच्या लाल रंगाचे रहस्य उलगडणारे डॉ. के. वेंकटरामन

जबलपूर, ७ जून : जबलपूरच्या खव्याच्या जिलबीला वेगळा रंग घालावा लागत नाही. खवा आणि तिखूर किंवा आरारूट यांचे मिश्रण कढईत पडले की दुधातील साखर आणि प्रथिने तापून जिलबीला गडद तपकिरी, जवळजवळ काळपट छटा येते. त्याच बाजारात दुसऱ्या कढईत मैद्याची जिलबी तळली जात असते आणि तिचा भडक केशरी रंग बहुधा डबीतून आलेला असतो. शहराबाहेर मंडला, दिंडोरी आणि बालाघाटच्या दिशेला पळस, कुसुंब आणि बोरीची झाडे आहेत. त्यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात आणि त्या लाखेतही एक गर्द लाल रंग दडलेला असतो. कढईत तयार होणारा, डबीतून येणारा आणि झाडावरच्या किड्याच्या अंगात असणारा, असे हे तीन रंग आहेत. रंगाचे रासायनिक कूळ शोधण्यातच ज्यांचे आयुष्य गेले, त्या डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन यांची आज जयंती. मुंबईचे रसायन तंत्रज्ञान विभाग आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ही त्यांची प्रमुख कर्मभूमी होती.

वेंकटरामन यांचा जन्म ७ जून १९०१ रोजी मद्रास येथे झाला. तेथील प्रेसिडेन्सी महाविद्यालयात त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९२३ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. त्यानंतर मद्रास सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडमधील मँचेस्टर येथे गेले. मँचेस्टर त्या काळी कापडाचे शहर होते, त्यामुळे ते रंगांचेही शहर होते. तेथे त्यांनी रंगरसायनाचा अभ्यास केला आणि पुढे रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले.

रॉबिन्सन हे वनस्पतींतील द्रव्यांचे गाढे अभ्यासक होते. १९४७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फुलाफळांना तांबडा, जांभळा आणि निळा रंग देणाऱ्या अँथोसायनिन या गटावर त्यांनी मोठे काम केले. जांभूळ, काळी द्राक्षे आणि कोकणातील आमसूल यांचा रंग याच गटातला. सोलकढीला येणारी गुलाबी छटा आमसुलाच्या आंबटपणावर टिकून असते. त्याच रसात खाण्याचा सोडा टाकला, तर लाली जाऊन निळसर, काळपट झाक येते. आम्ल आणि अल्क यांच्या संगतीत रंगाचा रेणू आपले रूप बदलतो. स्वयंपाकघरात अनुभवाने ठाऊक असलेल्या अशा गोष्टींमागे कोणती रचना आहे, हा प्रश्न रॉबिन्सन यांच्या प्रयोगशाळेत विचारला जात होता. वेंकटरामन यांच्या पुढील संशोधनाची दिशा तेथेच ठरली.

लाहोरची वर्षे

१९२७ च्या सुमारास वेंकटरामन मायदेशी परतले. बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत काही काळ काम केल्यानंतर ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयात अध्यापक म्हणून रुजू झाले. साधनांची चणचण असलेल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून वनस्पतींतील पिवळ्या रंगद्रव्यांचा अभ्यास सुरू केला. फ्लेव्होन आणि त्यांची भावंडे मानली जाणारी ही द्रव्ये फुलांत, सालींत आणि मुळांत आढळतात. कांद्याच्या सालीचा पिवळसर तांबूस रंगही याच परिवारातला.

ही द्रव्ये प्रयोगशाळेत तयार करण्याचा एक सुटसुटीत मार्ग वेंकटरामन आणि त्यांचे विद्यार्थी एच. एस. महाल यांनी शोधला. त्यांचा शोधनिबंध १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्सन बेकर यांनी त्याआधी थोडे दिवस, स्वतंत्रपणे, हीच अभिक्रिया नोंदवली होती. तेव्हापासून ती बेकर-वेंकटरामन पुनर्रचना या नावाने ओळखली जाते. एका रेणूतील अणुसमूह अल्काच्या साहाय्याने आपली जागा सोडून शेजारच्या कार्बनवर जाऊन बसतो आणि त्यातून फ्लेव्होनचा सांगाडा उभा करता येतो, असे तिचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल. जगभरातील सेंद्रिय रसायनाच्या पाठ्यपुस्तकांत भारतीय नाव असलेल्या ज्या मोजक्या अभिक्रिया आहेत, त्यांत हिचा समावेश होतो.

मुंबईत रंगांची शाळा

मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला. कापड गिरण्यांच्या या शहराला रंगाई आणि छपाईचे शास्त्र जाणणारी माणसे हवी होती. गिरण्यांत लागणारे बहुतेक रंग तेव्हा परदेशातून, मुख्यतः जर्मनीतून येत. वेंकटरामन १९३४ मध्ये या विभागात आले आणि १९३८ मध्ये त्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९४३ मध्ये विभाग माटुंग्याच्या नव्या वास्तूत गेला. आज रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेची संशोधनाची परंपरा त्यांच्या कारकिर्दीत घडली.

त्या काळातील रंगाचा प्रश्न केवळ कापडाचा नव्हता. १८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किन यांनी क्विनीन तयार करण्याच्या प्रयत्नात डांबरापासून मिळालेल्या द्रव्यातून जांभळा रंग मिळवला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. कापडासाठी निघालेले हे रंग पाहता पाहता लोणी, मिठाई, सरबत आणि लोणच्यांत शिरले. ते स्वस्त होते, अगदी थोडे पुरत आणि उन्हात किंवा उष्णतेत सहज विटत नसत. त्याआधीची परिस्थिती मात्र निर्धोक होती, असे मुळीच नाही. शिसे, तांबे आणि पारा यांच्या विषारी संयुगांनी मिठाई रंगवली जात असल्याचे फ्रेडरिक आकुम यांनी लंडनमध्ये १८२० मध्येच उघड केले होते. त्या विषांच्या तुलनेत डांबराचे रंग पहिल्या काळात सुधारणाच वाटले.

पुढे त्यांचीही पारख सुरू झाली. अमेरिकेत बाजारातील सुमारे ८० रंग तपासून १९०७ मध्ये त्यांपैकी केवळ सातांना खाद्यपदार्थांत परवानगी देण्यात आली. लोण्याला पिवळेपणा देणाऱ्या एका अॅझो रंगामुळे उंदरांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी होतात, असे १९३० च्या दशकात जपानमधील प्रयोगांतून दिसले आणि हा प्रश्न अधिक गंभीर झाला. अशा वेळी एखादा रंग पिवळा आहे एवढे सांगून भागत नाही. त्याचा रेणू कसा आहे, तो पाण्यात विरघळतो की तुपात, शरीरात त्याचे तुकडे कसे होतात आणि त्यात कोणती अशुद्धी आहे, हे माहीत असावे लागते. ही माहिती एकत्र मिळण्याचे ठिकाण फारसे उपलब्ध नव्हते. बरेच ज्ञान कंपन्यांच्या पेटंटांत आणि गोपनीय कागदांत विखुरलेले होते.

दोन खंडांचा ग्रंथ

ही उणीव वेंकटरामन यांनी भरून काढली. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५२ मध्ये न्यूयॉर्कहून दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी रंगांची कुळे, त्यांची निर्मिती, गुणधर्म आणि ओळख यांची शिस्तबद्ध मांडणी केली. ग्रंथाचे रशियन भाषांतरही झाले. स्वतःचा रंगउद्योग अजून बाळसे धरत असलेल्या देशातील एका प्राध्यापकाने जगाला रंगांचा प्रमाणग्रंथ द्यावा, ही घटना त्या काळी नवलाची होती. १९७० नंतर त्यांच्या संपादनाखाली याच ग्रंथाचे पुढील सहा खंड निघाले आणि १९७८ मध्ये मालिका आठव्या खंडापर्यंत पोहोचली. त्यांपैकी प्रत्येकात जगातील तज्ज्ञांनी लेखन केले होते. कृत्रिम रंगांच्या विश्लेषणावरचा स्वतंत्र ग्रंथही त्यांनी १९७७ मध्ये संपादित केला.

विश्लेषणाचे महत्त्व हळदीच्या उदाहरणावरून लक्षात येते. हळदीचा पिवळा रंग कुरकुमिनचा. तो पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो, म्हणूनच फोडणीत पडलेली हळद भाजीला सारखा रंग देते. चुना किंवा सोडा लागला की ती लाल होते आणि परंपरेने हळदीपासून कुंकू तयार करण्याची रीत याच गुणावर आधारलेली आहे. मेटॅनिल यलो हा कापडाचा आणि कातड्याचा पिवळा रंग हळदीच्या पुडीत, डाळीत किंवा लाडवात मिसळला, तर डोळ्यांना फरक कळत नाही. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर मात्र तो गुलाबी-जांभळा होतो आणि भेसळ उघडी पडते.

मिठाईत कायद्याने चालणारा टार्ट्राझिन हाही पिवळाच आणि तोही मेटॅनिल यलोप्रमाणे अॅझो कुळातला. तरीही दोघांची गत सारखी नाही. टार्ट्राझिनच्या रेणूवर पाण्याशी सलगी करणारे तीन आम्लगट असतात. त्यामुळे तो पाण्यात सहज विरघळतो आणि आतड्यातून मूळ रूपात फारच कमी शोषला जातो. मेटॅनिल यलोवर असा गट एकच आहे आणि प्राण्यांवरील प्रयोगांत तो अपायकारक ठरला आहे. एकाच कुळातील दोन रंगांपैकी एक मर्यादेत चालतो आणि दुसरा अजिबात चालत नाही. हा निवाडा करायला रेणूची रचना ठाऊक असावी लागते. ती कशी वाचावी, हे वेंकटरामन यांच्या पिढीने भारतात शिकवले.

पुण्यात लाखेचा शोध

१९५७ मध्ये वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. जानेवारी १९५० मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगशाळेचे आधीचे दोन्ही संचालक परदेशी होते; त्या पदावरील ते पहिले भारतीय. १९६१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. संचालकपदाच्या नऊ वर्षांत प्रशासनाचा भार असूनही त्यांनी स्वतःचे संशोधन थांबवले नाही. कृत्रिम रंगांचा ग्रंथकार आता निसर्गातील रंगांकडे पुन्हा वळला होता.

फणसाच्या झाडाचे लाकूड आतून पिवळे असते आणि आशियातील अनेक देशांत भिक्षूंची वस्त्रे त्याने रंगवली जात. त्या लाकडातील आणि सालीतील फ्लेव्होन गटाच्या द्रव्यांचा अभ्यास वेंकटरामन यांच्या चमूने दीर्घकाळ केला. त्याहून अवघड काम लाखेचे होते.

लाख हा किड्याचा स्राव. फांदीवर चिकटलेले हजारो किडे झाडाचा रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच तयार करतात. फांद्यांवरून खरवडलेली लाख कुटून पाण्यात धुतली की पाणी लाल होते आणि उरलेल्या राळेपासून चपडा तयार होतो. स्त्रियांच्या पायांना लावला जाणारा अळता, रेशीम आणि लोकरीची रंगाई यांसाठी हा लाल रंग शतकानुशतके वापरला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो भारतातून युरोपात निर्यात होत असे. कृत्रिम रंग आल्यावर त्याचा बाजार बसला. राळेला भाव आणि रंगाला गटार, अशी त्याची अवस्था झाली. ज्या आदिवासी कुटुंबांच्या हातून लाख निघते, त्यांच्या उत्पन्नाचा एक भाग धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जाऊ लागला.

या रंगाला लॅकाइक आम्ल असे नाव फार पूर्वी मिळाले होते, पण त्याची नेमकी रचना अनेक दशके हाती लागत नव्हती. अडचण अशी की, ते एक द्रव्य नसून एकमेकांशी मिळत्याजुळत्या अनेक आम्लांचे मिश्रण आहे. ती वेगळी करणे कठीण आणि शुद्ध स्फटिकरूपात मिळवणे त्याहून कठीण. डॉ. ए. व्ही. रामा राव यांच्यासारख्या तरुण सहकाऱ्यांसह वेंकटरामन यांनी हे काम हाती घेतले. १९६६ मध्ये लॅकाइक आम्ल-अ या प्रमुख घटकाच्या रचनेवरील निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यापाठोपाठ इतर घटकांचाही उलगडा होत गेला. मेक्सिको आणि पेरूच्या निवडुंगावरील कोचिनील किड्यातून मिळणारा लाल रंग आणि आपल्या पळसावरील लाखेचा लाल रंग एकाच अँथ्राक्विनोन कुळातले, हे नाते त्यातून रेणूच्या पातळीवर स्पष्ट झाले.

शोधनिबंधात ही काही पानांची गोष्ट असली, तरी तिचा व्यवहाराशी संबंध आहे. अन्नात घालायच्या रंगाला परवानगी द्यायची, तर त्याची ओळख, शुद्धता आणि मात्रा निश्चित करावी लागते. ज्या द्रव्याची रचनाच ठाऊक नाही, त्याचे प्रमाणीकरण करता येत नाही. आज लाखेचा रंग जपानसह काही देशांत खाद्यरंग म्हणून वापरला जातो. गटारात जाणाऱ्या लाल पाण्याला पुन्हा मोल मिळण्याची शक्यता अशा मूलभूत संशोधनामुळेच निर्माण झाली.

कायदा आणि कढई

वेंकटरामन मुंबईत असतानाच भारताने १९५४ मध्ये अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा केला. पुढे त्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याने घेतली. भारतीय नियमांत दीर्घकाळ आठ कृत्रिम रंगांना मान्यता आहे. लाल छटांसाठी पोन्सो ४आर, कार्मोइसिन आणि एरिथ्रोसिन, पिवळ्यासाठी टार्ट्राझिन आणि सनसेट यलो, निळ्यासाठी इंडिगो कार्मिन आणि ब्रिलियंट ब्लू, तर हिरव्यासाठी फास्ट ग्रीन. तेही ठरावीक पदार्थांतच आणि साधारणपणे एका किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत. नैसर्गिक गटात केशर, हळदीचा कुरकुमिन, कॅरोटिन, हरितद्रव्य, शेंदरीच्या बियांचा रंग आणि जळक्या साखरेचा कॅरॅमल यांचा समावेश होतो. दळलेली हळद किंवा मिरचीपूड यांत वरून कोणताही रंग घालता येत नाही.

नियम स्पष्ट असले तरी प्रश्न संपलेला नाही. छोट्या दुकानदाराला किंवा आचाऱ्याला सुटा, नाव नसलेला रंग स्वस्तात मिळतो आणि चिमटीच्या अंदाजाने तो कढईत पडतो. कापडासाठीचा ऱ्होडामिन-बी साखरेच्या कापसात, म्हणजे बुढ्ढी के बालमध्ये, सापडल्याने २०२४ मध्ये तामिळनाडू आणि कर्नाटक सरकारांना कारवाई करावी लागली. त्याआधी २००३ पासून काही वर्षे युरोपातील देशांनी सुदान या तेलात विरघळणाऱ्या रंगामुळे मिरचीपूड आणि तयार पदार्थ बाजारातून परत मागवले होते. या सर्व प्रकरणांत सर्वाधिक धोका असतो तो रंगाला भुलणाऱ्या लहान मुलांना.

त्याच वेळी नैसर्गिक तेवढे निर्धोक आणि कृत्रिम तेवढे विषारी, अशी सरळ विभागणीही टिकत नाही. कोचिनीलचा किंवा शेंदरीचा नैसर्गिक रंग काहींना सोसत नाही. मान्यताप्राप्त टार्ट्राझिननेही काही व्यक्तींच्या अंगावर पित्त उठते. युरोपीय संघाने २०१० पासून काही कृत्रिम रंग असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर मुलांच्या वर्तनाविषयी इशारा छापणे बंधनकारक केले आहे. कोणता रेणू, किती शुद्ध आणि किती मात्रेत, हे तीन प्रश्न दोन्ही गटांना सारखेच लागू होतात.

घरच्या स्वयंपाकाने मात्र अनेक उत्तरे पिढ्यान् पिढ्या जपली आहेत. केशर कोमट दुधात भिजवायचे, कारण त्याचा रंग पाण्यात उतरतो. मिरचीची लाली तेलात उतरते, म्हणून तिखट तेलावर परतले की रश्श्याला तर्री येते. बिटाचा रंग फार वेळ उकळल्यास फिका पडतो, म्हणून तो शेवटी घालायचा. पालक झाकण न ठेवता थोडाच वेळ शिजवला की हिरवा राहतो. या प्रत्येक रीतीमागे वेंकटरामन आणि त्यांचे गुरू ज्या शास्त्राचा अभ्यास करत होते, तेच शास्त्र आहे.

शिष्यपरंपरा

वेंकटरामन १९६६ मध्ये संचालकपदावरून निवृत्त झाले, पण प्रयोगशाळा त्यांनी सोडली नाही. त्यांच्यानंतर त्यांचेच विद्यार्थी आणि मुंबईतील सहकारी डॉ. बी. डी. टिळक यांनी ती धुरा सांभाळली. डॉ. रामा राव पुढे हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे संचालक झाले. मुंबईत शिकलेल्या विद्यार्थ्यांनी देशातील रंग, औषध आणि रसायन उद्योगांत जबाबदारीची पदे भूषवली. वेंकटरामन यांची कन्या धर्मा कुमार यांनी आर्थिक इतिहासाच्या क्षेत्रात मोठे नाव मिळवले. अखेरपर्यंत संशोधन आणि संपादनात मग्न राहिलेले वेंकटरामन १२ मे १९८१ रोजी निवर्तले.

त्यांनी खाद्यरंगांचा कारखाना काढला नाही किंवा पाककृतींचे पुस्तकही लिहिले नाही. तरीही अन्नात काय घातले आहे हे सिद्ध करू शकणारे शास्त्र आणि ते जाणणारी माणसे देशात तयार होण्यात त्यांचा वाटा मोठा होता. आज एखाद्या अन्न तपासणी प्रयोगशाळेत मिठाईचा नमुना येतो, त्यातील रंग वेगळा केला जातो आणि त्याचे नाव अहवालात लिहिले जाते. ग्राहकाचा हक्क आणि विक्रेत्याची जबाबदारी त्या एका नावावर ठरते.

जबलपूरच्या बाजारात खव्याची काळपट जिलबी आजही गिऱ्हाईक राखून आहे आणि आसपासच्या जंगलांतील झाडांवर लाखेचे पीकही घेतले जाते. भडक रंगाची सवय झालेल्या काळात ही जिलबी दिसायला थोडी उणी वाटते. ती खाणाऱ्याला मात्र तिचा रंग कुठून आला, हे विचारावे लागत नाही.